लक्षण एका दारी, मूळ दुसऱ्या दारी: पीयूषिका ग्रंथीच्या गाठी

कवटीच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, जतुकास्थी नावाच्या हाडात एक लहानसा खळगा असतो आणि त्याच्या आकारामुळे शरीररचनाशास्त्रात त्याला ‘तुर्की खोगीर’ असे नाव पडले आहे. या खळग्यात वाटाण्याएवढी, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाची पीयूषिका ग्रंथी असते. एका बारीक देठाने ती मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागाशी जोडलेली असते आणि त्या भागाकडून येणाऱ्या रासायनिक संदेशांनुसार अनेक संप्रेरके रक्तात सोडते. रक्तात मिसळून दूरच्या अवयवांचे काम ठरवणाऱ्या द्रव्यांना संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात. उंची आणि हाडांची वाढ, अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीचे काम, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून स्रवणारे कॉर्टिसॉल, मासिक पाळी, शुक्रनिर्मिती, मातेचे दूध आणि शरीरातील पाण्याचा समतोल या साऱ्यांवर या ग्रंथीचे नियंत्रण असते.

या ग्रंथीत होणाऱ्या गाठी बहुतेक वेळा सौम्य असतात, म्हणजे त्या कर्करोगासारख्या शरीरात इतरत्र पसरत नाहीत. दहा मिलिमीटरपेक्षा लहान गाठीला सूक्ष्म, त्याहून मोठीला स्थूल आणि चार सेंटिमीटरच्या पुढे गेलेलीला महाकाय गाठ म्हणण्याची पद्धत आहे. अशा गाठी वाटतात त्यापेक्षा पुष्कळ अधिक लोकांत आढळतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात शवविच्छेदनाचे आणि मेंदूच्या प्रतिमांचे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सरासरी १६.७ टक्के व्यक्तींमध्ये पीयूषिकेत लहानमोठी गाठ असल्याचे दिसले. याउलट बेल्जियममधील लिएज परिसरात केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, प्रत्यक्ष त्रास देणारी गाठ सुमारे १,०६४ लोकांमागे एकाला असल्याचे आढळले. म्हणजे बहुसंख्य गाठी आयुष्यभर निमूट राहतात. ज्या थोड्या त्रास देतात त्यांचीही ओळख पटायला अनेकदा वर्षे जातात, कारण त्यांची लक्षणे डोळे, दात, नाक, मनगट, गर्भाशय किंवा मन यांच्या विकारांचे रूप घेऊन येतात आणि रुग्ण त्या त्या अवयवाच्या तज्ज्ञाकडे जातो. ही लक्षणे वरवर असंबद्ध वाटली, तरी त्यांतील जवळजवळ प्रत्येकाचा उलगडा तीन गोष्टींतून होतो: ग्रंथीची अडचणीची जागा, संप्रेरकांचा अतिरेक आणि संप्रेरकांची उणीव.

ठरीव चित्र कसे घडले

कोणते लक्षण नेहमीचे आणि कोणते अपवादात्मक हे त्या त्या काळच्या ज्ञानावर अवलंबून असते, आणि पीयूषिकेच्या बाबतीत हे विशेष स्पष्ट दिसते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात काम करणाऱ्या पिएर मारी या फ्रेंच वैद्याने १८८६ मध्ये हात, पाय आणि चेहरा अवाजवी वाढलेल्या दोन रुग्णांचे वर्णन करून त्या विकाराला ‘ॲक्रोमेगॅली’ हे नाव दिले. मराठीत त्याला विशालांगता म्हणता येईल. या विकाराचा पीयूषिकेशी असलेला संबंध पुढे हळूहळू उलगडत गेला आणि त्यामुळे पीयूषिकेची गाठ म्हणजे विशालांगता असे समीकरण काही काळ रूढ झाले. १९०० मध्ये जोसेफ बाबिन्स्की यांनी पॅरिसमध्ये आणि १९०१ मध्ये आल्फ्रेड फ्रोलिश यांनी व्हिएन्नात असे तरुण रुग्ण नोंदवले, ज्यांच्या पीयूषिकेच्या भागात गाठ होती, परंतु विशालांगतेचा मागमूस नव्हता. उलट लठ्ठपणा, खुंटलेली लैंगिक वाढ आणि मंदावलेली दृष्टी ही त्यांची लक्षणे होती. तोवर चमत्कारिक वाटलेली ही रूपे त्यानंतर पाठ्यपुस्तकांत स्थिरावली.

अमेरिकी मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१२ मधील आपल्या ग्रंथात पीयूषिकेच्या विकारांची अतिस्राव आणि अल्पस्राव अशी मांडणी केली, आणि १९३२ मध्ये बारा रुग्णांच्या आधारे, चेहरा गोल होणे, धड स्थूल पण हातपाय बारीक राहणे, पोटावर जांभळे पट्टे उमटणे आणि रक्तदाब वाढणे हा लक्षणसमूह पीयूषिकेतील अगदी लहान गाठीमुळे उद्भवू शकतो असे प्रतिपादन केले. रक्तातील प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध निर्माण करवणारे संप्रेरक, स्वतंत्रपणे मोजणे तर १९७० नंतरच शक्य झाले. त्याआधी ज्या गाठी कोणतेही संप्रेरक स्रवत नाहीत असे मानले जात होते, त्यांतील पुष्कळशा प्रत्यक्षात प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या होत्या, आणि आज तर संप्रेरक स्रवणाऱ्या गाठींमध्ये याच प्रकाराची संख्या सर्वाधिक असल्याचे ठाऊक आहे.

जागेची अडचण

ग्रंथीच्या वर दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या दृक्-चेता एकमेकींना छेदतात. प्रत्येक डोळ्याच्या बाहेरच्या बाजूचे दृश्य टिपणारे तंतू या छेदावर दुसऱ्या बाजूला जातात. गाठ वर वाढली की नेमके हेच तंतू दाबले जातात आणि दोन्ही डोळ्यांच्या कानाकडील बाजूचे दृश्य हळूहळू नाहीसे होते. हे पाठ्यपुस्तकातले लक्षण आहे. तथापि रुग्ण ते त्या शब्दांत कधीच सांगत नाही. समोरचे अक्षर स्पष्ट दिसत असल्यामुळे आपली नजर गेली आहे हे त्याला जाणवत नाही; तो दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, रस्ता ओलांडताना बाजूने येणारे वाहन त्याला दिसत नाही, किंवा चष्म्याचा क्रमांक वारंवार बदलून घेऊनही त्याचे समाधान होत नाही. वयस्कर व्यक्तीत याच तक्रारीचे खापर मोतीबिंदूवर फुटते, शस्त्रक्रिया यशस्वी होते आणि तरीही दृष्टी सुधारत नाही. दृक्-चेतेच्या टोकाशी पडलेली फिकट खोबण पाहून काचबिंदूचे निदान झाल्याचीही उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

याहून विलक्षण लक्षण म्हणजे जवळच्या बारीक कामात येणारी अडचण. सुईत दोरा ओवताना किंवा नखे कापताना दोन्ही डोळे एका जवळच्या बिंदूवर एकवटतात. त्या बिंदूच्या पलीकडच्या वस्तूंची प्रतिमा दोन्ही डोळ्यांत पटलाच्या नेमक्या त्या भागावर पडते ज्याचे तंतू दाबले गेलेले असतात, आणि म्हणून त्या बिंदूमागे एक त्रिकोणी आंधळा प्रदेश तयार होतो. दोन्ही डोळ्यांना मिळणाऱ्या दृश्यांत सामाईक भाग उरत नसल्यामुळे काही रुग्णांना वाचताना ओळीतला एखादा अंक गळाल्यासारखा किंवा दुहेरी झाल्यासारखा दिसतो. डोळ्यांच्या तपासणीत केवळ समोरचा तक्ता वाचून घेतला तर यांपैकी काहीच लक्षात येत नाही. प्रत्येक डोळा स्वतंत्र झाकून बाजूच्या दृष्टीचे क्षेत्र मोजले तरच दोष उघड होतो.

ग्रंथीच्या दोन्ही बाजूंस कॅव्हर्नस सायनस नावाच्या, नीलेच्या रक्ताने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांतून मेंदूला रक्त पुरवणारी मोठी रोहिणी, डोळा फिरवणाऱ्या तीन चेता आणि चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या चेतेच्या शाखा जातात. गाठ बाजूला पसरली की एकाचे दोन दिसणे, पापणी खाली पडणे किंवा गालात व कपाळात वेदना होणे अशी लक्षणे उद्भवतात, आणि ती वेदना दाताची किंवा नाकाभोवतीच्या सायनसची समजून त्यावर दीर्घकाळ उपचार होऊ शकतात. त्याहीपुढे मेंदूच्या कानशिलाकडील भागावर दाब आला तर अपस्माराचे झटके येऊ शकतात. वरच्या बाजूस अतिशय वाढलेली गाठ मेंदूतील द्रवाचा मार्ग अडवते, तेव्हा वृद्ध व्यक्तीत विस्मरण, सुस्ती आणि चालण्यातील अस्थिरता दिसते आणि स्मृतिभ्रंशाचा संशय घेतला जातो.

खालच्या दिशेला जतुकास्थीतील हवेची पोकळी आणि त्यापुढे नाक असते. हाड पोखरून खाली उतरलेली गाठ नाक चोंदण्याचे किंवा नाकातून रक्त येण्याचे कारण ठरते आणि प्रथमदर्शनी ती नाकातील मांसल वाढ समजली जाऊ शकते. क्वचित गाठ मुळातच खोगिराबाहेर, जतुकास्थीच्या पोकळीत सापडते. गर्भावस्थेत पीयूषिकेचा पुढचा भाग घशाच्या छताकडून वर सरकत आपल्या जागी येतो आणि त्या वाटेवर मागे राहिलेल्या पेशींपासून अशी गाठ निर्माण होऊ शकते, हे तिचे स्पष्टीकरण आहे.

याच वाटेने मेंदूभोवतालचा मस्तिष्क-मेरुद्रव नाकात झिरपू शकतो. एकाच नाकपुडीतून, विशेषतः पुढे वाकल्यावर, पाण्यासारखा पातळ आणि चवीला खारट द्रव टपकत राहिला तर तो सर्दीचा किंवा ॲलर्जीचा नसून मेंदूभोवतालचा असू शकतो. बीटा-२ ट्रान्सफेरिन हे प्रथिन त्यात सापडल्यास खात्री पटते. यातील आणखी एक वळण असे की ही गळती काही वेळा उपचाराच्या यशातून सुरू होते, कारण प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या गाठीने हाडात पाडलेले छिद्र तिने स्वतःच बुजवलेले असते आणि औषधाने गाठ आक्रसली की ते छिद्र उघडे पडते. नाकातील जंतूंना मेंदूपर्यंत सरळ मार्ग मिळत असल्याने मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह होण्याचा धोका असतो आणि म्हणून अशी गळती शस्त्रक्रियेने बंद करावी लागते.

गाठीतील रक्तस्राव

वर्षानुवर्षे शांत असलेली गाठ काही तासांत जीवघेणी ठरू शकते. गाठीच्या वाढीला पुरेल इतका रक्तपुरवठा तिला मिळत नाही, तेव्हा तिच्यातील ऊती मृत होतात किंवा त्यांत रक्तस्राव होतो आणि गाठ अकस्मात फुगते. अमेरिकी वैद्य पीअर्स बेली यांनी १८९८ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले आणि १९५० मध्ये या घटनेला ‘पिट्युटरी ॲपोप्लेक्सी’ हे नाव मिळाले. डोके फुटेल अशी अचानक वेदना, उलट्या, मान आखडणे, पापणी पडणे आणि दृष्टी जाणे ही तिची लक्षणे आहेत. ती मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्यावर किंवा मेनिंजायटिस झाल्यावर दिसणाऱ्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती असतात की निदानाची सुरुवात बहुधा त्याच दिशेने होते. अशा अनेक रुग्णांना आपल्या शरीरात गाठ होती हे त्याच दिवशी प्रथम कळते.

मोठ्या शस्त्रक्रिया, विशेषतः हृदयावरील, अनियंत्रित रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधे आणि गर्भावस्था ही या घटनेची ज्ञात निमित्ते आहेत. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दिली जाणारी काही इंजेक्शने आरंभी पीयूषिकेला उत्तेजित करतात, त्यामुळे न कळलेली गाठ असलेल्या पुरुषात ती थोड्याच वेळात हा प्रसंग ओढवू शकतात. डेंग्यूमध्ये रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, घटल्यावर पीयूषिकेतील गाठीत रक्तस्राव झाल्याच्या नोंदी भारतातूनही प्रसिद्ध झाल्या आहेत. तापाच्या रुग्णाला अचानक दिसेनासे झाले तर ही शक्यता विचारात घ्यावी लागते ती त्यामुळेच. साध्या सीटी स्कॅनमध्ये हा रक्तस्राव निसटू शकतो आणि एमआरआयमध्ये तो अधिक स्पष्ट दिसतो. मुख्य धोका मात्र डोळ्यांपुरता नसतो: पीयूषिकेकडून अधिवृक्क ग्रंथींना जाणारा आदेश तुटल्याने कॉर्टिसॉल घसरते, रक्तदाब कोसळतो आणि हायड्रोकॉर्टिसोन वेळेवर न मिळाल्यास मृत्यू येऊ शकतो. क्वचित याच रक्तस्रावात संप्रेरक स्रवणारी गाठ नष्ट होते आणि विशालांगतेसारखा विकार शस्त्रक्रियेवाचून आटोक्यात येतो. असा लाभ झालेल्या रुग्णालाही पुढे इतर संप्रेरके गोळ्यांवाटे घ्यावी लागण्याची शक्यता असते.

अतिरेकाची वेषांतरे

वृद्धी संप्रेरक अति स्रवणारी गाठ वाढीच्या वयात झाली तर उंची अवाजवी वाढते. १७८३ मध्ये मरण पावलेल्या चार्ल्स बर्न या आयरिश महाकाय माणसाचा सांगाडा शल्यविशारद जॉन हंटर यांनी मिळवला होता. १९०९ मध्ये त्याची कवटी उघडून पाहता पीयूषिकेचा खळगा मोठा झालेला आढळला, आणि २०११ मध्ये त्याच्या दातांतील डीएनएत एआयपी या जनुकातील दोष सापडला, जो घराण्यात चालत येणाऱ्या पीयूषिका-गाठींचे एक कारण आहे. हाडांची वाढ थांबल्यावर मात्र हेच संप्रेरक उंची वाढवू शकत नाही आणि बदल इतक्या सावकाश होतात की रोज पाहणाऱ्या कुटुंबीयांच्या ते ध्यानात येत नाहीत. अंगठी बोटात शिरेनाशी होते, चपलेचे माप वाढते, खालचा जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, आवाज जाड होतो, घाम फार येतो आणि घोरणे वाढून झोपेत श्वास अडखळू लागतो. मनगटातील अरुंद जागेत चेता दाबली जाऊन बोटांना मुंग्या येतात, आणि दोन्ही हातांवर त्यासाठी शस्त्रक्रिया होऊनही मूळ कारण अज्ञात राहू शकते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे या विकाराचे परिणाम असले, तरी त्यांची सर्वत्र आढळणारी रूपे पाहता कोणालाही वेगळी शंका येत नाही. लक्षणांचा आरंभ आणि निदान यांत पाच ते दहा वर्षे जाणे म्हणूनच सामान्य आहे, आणि जुनी छायाचित्रे शेजारी ठेवून पाहणे हा आजही निदानाचा एक विश्वसनीय मार्ग मानला जातो.

याच विकाराचे एक दुर्मीळ रूप वैज्ञानिक इतिहासात महत्त्वाचे ठरले. काही रुग्णांत विशालांगता असते, परंतु गाठ स्वादुपिंडात किंवा फुप्फुसात असते. ती पीयूषिकेला वृद्धी संप्रेरक सोडायला लावणारे द्रव्य स्रवते आणि पीयूषिका केवळ फुगलेली असते. एरवी हायपोथॅलॅमसमध्ये तयार होणारे हे द्रव्य वेगळे काढण्याचे प्रयत्न बराच काळ चालू होते. अखेर १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेच्या दोन गटांनी ते अशाच रुग्णांच्या स्वादुपिंडातील गाठींमधून मिळवले.

कॉर्टिसॉल वाढवणारी गाठ बहुधा फार लहान असते आणि पुष्कळ रुग्णांत एमआरआयवरही दिसत नाही. कुशिंग यांनी वर्णिलेला गोल चेहरा प्रत्येकात आढळत नाही; काहींत नैराश्य, चिडचिड किंवा भ्रम ही पहिली लक्षणे असतात आणि उपचार मानसोपचारतज्ज्ञाकडे सुरू होतात, काहींत तरुण वयात किरकोळ धक्क्याने मणका किंवा बरगडी मोडते, तर काहींना खाली बसल्यावर मांड्यांत बळ नसल्याने उठता येत नाही. मुलांमध्ये वजन वाढत असताना उंची थांबणे ही सर्वांत उपयुक्त खूण आहे, कारण अति खाण्याने लठ्ठ झालेले मूल सहसा उंचीतही वाढत राहते. काही गाठी मधूनमधूनच स्रवतात, त्यामुळे एका महिन्यात केलेली तपासणी सदोष येते आणि दुसऱ्या महिन्यात निर्दोष. संशय पक्का असून प्रतिमेत गाठ दिसत नसेल तर पीयूषिकेतून रक्त वाहून नेणाऱ्या, कवटीच्या तळाशी असलेल्या नीलांमध्ये बारीक नळी घालून तेथील आणि हातातील रक्तातल्या संप्रेरकाची तुलना केली जाते.

प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या गाठीमुळे स्त्रीची पाळी थांबते, बाळंतपणाशिवाय स्तनातून दूध येते आणि गर्भ राहत नाही, त्यामुळे तिचे निदान तुलनेने लवकर होते. पुरुषात हाच विकार कामेच्छा कमी होणे आणि लैंगिक दुर्बलता या रूपात येतो. ही तक्रार संकोचाने लपवली जाते किंवा वयावर ढकलली जाते, आणि गाठ दृष्टीला धक्का देईपर्यंत वाढते. अतिशय मोठ्या गाठीत आणखी एक चकवा असतो: प्रोलॅक्टिनचे प्रमाण चाचणीच्या क्षमतेपलीकडे गेले की चाचणीतील प्रतिपिंडे संपृक्त होतात आणि यंत्र प्रत्यक्षापेक्षा फारच लहान आकडा दाखवते. मग गोळ्यांनी आक्रसू शकणाऱ्या गाठीवर विनाकारण शस्त्रक्रिया होऊ शकते; रक्ताचा नमुना शंभरपट विरल करून पुन्हा मोजल्यास खरे प्रमाण कळते.

सर्वांत दुर्मीळ गाठींमध्ये अवटू ग्रंथीला उत्तेजन देणारे टीएसएच स्रवणाऱ्या गाठी येतात; पीयूषिकेच्या सर्व गाठींत त्यांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे. धडधड, वजन घटणे आणि हात थरथरणे यांमुळे विकार गळ्यातील ग्रंथीचा समजला जातो आणि ती ग्रंथी किरणोत्सारी आयोडीनने निकामी केली किंवा काढून टाकली जाते, ज्यानंतर पीयूषिकेतील गाठ अधिकच वाढू शकते. अवटूचे संप्रेरक वाढलेले असताना टीएसएच दबलेले नसणे, ही विसंगती येथे निर्णायक असते. त्याचप्रमाणे बीजकोशाला चेतवणारे एफएसएच स्रवणारी गाठ क्वचित तरुण स्त्रीत बीजकोश अनेक पुटींनी मोठे करते आणि मूळ डोक्यात असताना शस्त्रक्रिया पोटावर होते.

उणीव आणि तिची शांत रूपे

मोठी गाठ निरोगी ग्रंथीला चिरडते तेव्हा संप्रेरके कमी पडू लागतात आणि ही उणीव अतिरेकापेक्षाही कमी बोलकी असते. थकवा, भूक मंदावणे, थंडी सहन न होणे, दाढी पूर्वीपेक्षा कमी वेळा करावी लागणे, उभे राहताना भोवळ येणे या तक्रारी वाढत्या वयाच्या मानल्या जातात. वृद्ध रुग्णाला गोंधळलेल्या किंवा अर्धवट शुद्धीच्या अवस्थेत रुग्णालयात आणले जाते आणि रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलेले आढळते. कॉर्टिसॉल पुरेसे नसल्याने शरीर पाणी साठवून ठेवते आणि रक्तातील मीठ विरल होते, हे त्यामागील कारण असते. केवळ सलाइन देऊन सोडियम सुधारले आणि कारणाचा शोध घेतला नाही तर तोच प्रसंग पुन्हा उद्भवतो.

येथे एक व्यवहारोपयोगी मुद्दा आहे. अवटू ग्रंथीतच बिघाड असेल तर टीएसएच वाढते, आणि म्हणून अनेक आरोग्य-तपासण्यांत केवळ टीएसएच मोजले जाते. परंतु दोष पीयूषिकेत असेल तर टीएसएच सहसा वाढत नाही, ते बहुतेक वेळा नेहमीच्या मर्यादेत दिसते आणि अहवाल निर्दोष ठरतो. टी-४ हे अवटूचे संप्रेरक सोबत मोजले तर ते कमी असल्याचे आढळते. अशा रुग्णाला कॉर्टिसॉलची उणीव न तपासता थायरॉइडची गोळी सुरू केली तर उरलेसुरले कॉर्टिसॉल लवकर खर्ची पडून प्रकृती एकाएकी ढासळू शकते, म्हणून उपचाराचा क्रम कॉर्टिसॉल आधी आणि अवटूचे संप्रेरक नंतर असा ठरलेला आहे.

गाठीचे सोंग

जशा काही गाठी दुसऱ्या रोगाचे रूप घेतात, तसे काही रोग गाठीचे रूप घेतात. अवटूचा अल्पस्राव अनेक वर्षे दुर्लक्षित राहिला तर पीयूषिका सतत टीएसएच बनवत फुगते, प्रोलॅक्टिनही वाढते आणि एमआरआयमध्ये मोठी गाठ असल्याचे चित्र दिसते. थायरॉइडच्या साध्या गोळीने हा फुगवटा काही महिन्यांत ओसरतो, आणि ही शक्यता न तपासता शस्त्रक्रिया केल्यास निरोगी ग्रंथी गमावली जाते. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात किंवा बाळंतपणानंतर ग्रंथीला दाह होऊन ती सुजू शकते, आणि कर्करोगावरील काही प्रतिकारशक्तीवर्धक औषधांनीही असा दाह होतो. भारतात क्षयरोगाची गाठ याच खळग्यात आढळल्याच्या नोंदी आहेत, आणि तिचे निदान अनेकदा काढलेली ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच झाले आहे. स्तनाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग पीयूषिकेत पसरला तर रुग्णाला अनावर तहान लागते आणि तो दिवसरात्र भरपूर लघवी करतो. हे लक्षण ग्रंथीच्या मागच्या भागाचे असून पीयूषिकेच्या सौम्य गाठीत शस्त्रक्रियेपूर्वी ते क्वचितच दिसते, म्हणून ते आढळताच तज्ज्ञ वेगळ्या कारणाचा शोध घेऊ लागतात.

प्रोलॅक्टिन वाढलेले आढळले की गाठ असलीच पाहिजे, असेही नाही. हायपोथॅलॅमसकडून येणारे डोपामिन हे द्रव्य प्रोलॅक्टिनला सतत रोखून धरते, आणि ही रोख सैल करणारी औषधे सर्रास वापरात आहेत: उलटीवर आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांसोबत दिले जाणारे डोम्पेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड, तसेच रिस्पेरिडोनसारखी मनोविकारांवरील औषधे. इतर प्रकारच्या गाठीने ग्रंथीचा देठ दाबला तरी प्रोलॅक्टिन माफक प्रमाणात वाढते, आणि अशा वेळी प्रोलॅक्टिनवरील गोळी आकडा खाली आणते पण गाठ तशीच वाढत राहते.

निदानाची दिशा

या सर्व रूपांत वेगळेपण बहुधा लक्षणांच्या जोडीत असते. नुसता मधुमेह, नुसती डोकेदुखी किंवा नुसती पाळीची अनियमितता यांवरून पीयूषिकेचा विचार करण्याचे कारण नाही. परंतु मधुमेहाबरोबर चपलेचे माप वाढणे, डोकेदुखीबरोबर बाजूची दृष्टी जाणे, वंध्यत्वाबरोबर स्तनातून दूध येणे किंवा थकव्याबरोबर सोडियम उतरणे अशी जोड दिसली की दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे हाताळलेल्या तक्रारी एकत्र मांडून पाहणे आवश्यक ठरते. सकाळचे कॉर्टिसॉल, टी-४ सह टीएसएच, प्रोलॅक्टिन, लैंगिक संप्रेरके आणि वृद्धी संप्रेरकाचा परिणाम दाखवणारे आयजीएफ-१ एवढ्या रक्तचाचण्यांतून बहुतेक प्रकारांची दिशा कळते. पुढील तपासण्या आणि उपचार अंतःस्रावशास्त्र आणि मेंदूशल्यशास्त्र हे दोन्ही विभाग असलेल्या, मुंबईतील केईएमसारख्या रुग्णालयात एकत्रितपणे होऊ शकतात.

उपचार प्रकारानुसार बदलतात. प्रोलॅक्टिनच्या गाठीवर कॅबरगोलिनसारखी गोळी प्रथम दिली जाते आणि तिने महाकाय गाठीही आक्रसतात. इतर त्रासदायक गाठी बहुतांशी नाकावाटे, जतुकास्थीच्या पोकळीतून काढल्या जातात. हा मार्ग ऑस्ट्रियातील हर्मान श्लोफर यांनी १९०७ मध्ये प्रथम वापरला होता आणि आज तो दुर्बिणीच्या साहाय्याने वापरला जातो. उरलेल्या भागावर औषधे किंवा किरणोपचार केले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात या गाठींना ‘पिट्युटरी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ हे नाव स्वीकारले गेले आणि त्यांची विभागणी त्या कोणत्या पेशीवंशापासून निपजल्या यावरून केली जाते, त्यामुळे कोणतेही संप्रेरक रक्तात न सोडणाऱ्या गाठींचेही मूळ आता सांगता येते. दाब काढल्यावर दृष्टी पुष्कळदा सुधारते, वाढलेले मऊ भाग ओसरतात आणि पाळी पूर्ववत होते. परंतु वाढलेली हाडे मागे येत नाहीत, फार काळ दबलेली दृक्-चेता पुन्हा काम करीलच असे नसते आणि चिरडली गेलेली ग्रंथी अनेकदा कायमची अपुरी राहते. म्हणून या गाठींच्या बाबतीत रुग्णाला पुढे काय परत मिळेल हे, शस्त्रक्रियेच्या कौशल्याइतकेच, निदानापूर्वी किती वर्षे गेली यावर ठरते.